सातवीचे वर्ष आणि परभणीची जमीन

महाराष्ट्राच्या शालेय रचनेत सहावी ते आठवी या तीन इयत्तांना उच्च प्राथमिक स्तर म्हणतात, आणि या स्तराच्या मध्यावर असलेल्या सातवीत बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाचे स्वरूपच पालटते. खालच्या इयत्तांत मूल भोवतालच्या वस्तूंची नावे, प्रकार आणि उपयोग शिकते. सातवीत मात्र त्या वस्तू तशाच का आहेत, त्यांचे मोजमाप कसे करावयाचे आणि एका ठिकाणी आढळलेला नियम दुसरीकडे लागू पडतो की नाही, हे प्रश्न जवळजवळ प्रत्येक विषयात पुढे येतात. बालभारतीने 2017 साली आणलेल्या सातवीच्या पाठ्यपुस्तकांत गणित, सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भाषा यांची पुस्तके वेगवेगळी असली, तरी कारण आणि प्रमाण शोधण्याची ही दृष्टी त्या सर्वांना जोडते. परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्याला तर या पुस्तकांतील कितीतरी विधाने शाळेच्या अंगणात आणि गावाच्या शिवारात पडताळून पाहता येतात.

सावली, रेखांश आणि वेळ

सातवीच्या भूगोलात ऋतुनिर्मितीचे पाठ दोन भागांत येतात. पृथ्वीचा आस कललेला असल्याने तिच्या परिभ्रमणकाळात सूर्याचे लंबरूप किरण 23 अंश 30 मिनिटे उत्तर आणि तेवढेच दक्षिण या अक्षवृत्तांदरम्यान सरकत राहतात, हा त्या पाठांचा गाभा आहे. परभणी शहर सुमारे 19 अंश 16 मिनिटे उत्तर अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या दरम्यान असल्यामुळे सूर्य तेथे वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, एकदा मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. या दिवसांना शून्य सावली दिवस म्हणतात, कारण उभ्या रोवलेल्या काठीची सावली तेव्हा क्षणभर तिच्या बुडाशीच सामावते. मे महिन्यात शाळेला सुटी असते. जुलैत शाळा भरलेली असते आणि ढगांनी उघडीप दिली, तर हा प्रयोग सगळ्या वर्गाला करता येतो.

हा क्षण घड्याळात बाराला न येता साडेबाराच्या सुमारास येतो, आणि त्याचे कारण शोधताना भूगोलाला गणिताची मदत घ्यावी लागते. भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते, तर परभणी सुमारे 76 अंश 46 मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागत असल्याने जवळजवळ पावणेसहा अंशांच्या फरकामुळे परभणीची मध्यान्ह सुमारे तेवीस मिनिटे उशिरा होते. उरलेली काही मिनिटे पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि आसाच्या कलामुळे पडतात. एका काठीच्या सावलीत अशा रीतीने अक्षांश, रेखांश, कोन आणि समप्रमाण या चारही संकल्पना एकत्र येतात.

त्याच पुस्तकातील भरती-ओहोटीचा पाठ मात्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या समुद्राचा आहे आणि परभणीच्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नसतो. जे डोळ्यांसमोर नाही, ते आकृती, प्रतिकृती आणि तर्क यांच्या आधारे समजून घेण्याची सवय अशा पाठांनी लागते, म्हणून ते डोळ्यांसमोरच्या पाठांइतकेच महत्त्वाचे ठरतात. समुद्रापासूनचे हेच अंतर परभणीच्या हवामानाचेही कारण आहे. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून किनाऱ्यापासून दूर असलेल्या या भागात उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही कडक असतात.

काळ्या मातीचे धडे

भूगोलातील ‘मृदा’ आणि ‘कृषी’ हे पाठ विज्ञानातील नैसर्गिक संसाधनांच्या पाठाशी जोडून शिकवले, तर परभणीच्या मुलाला आपल्याच शेताचे शास्त्र कळते. दख्खनच्या पठारावर कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून बेसॉल्ट खडक तयार झाला आणि ऊन, पाऊस व तापमानातील बदल यांनी त्याची झीज होऊन, म्हणजेच विदारण होऊन, रेगूर किंवा काळी कापसाची मृदा बनली. या मातीत चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण विपुल असतात. पाणी मिळाले की ती फुगते, चिकट होते आणि ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते, तर वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात तिला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. पावसाळा सरल्यावर पेरलेली रब्बी ज्वारी मुख्यतः या साठलेल्या ओलीवर वाढते. वर्गात एका नरसाळ्यात ही माती आणि दुसऱ्यात गोदावरीकाठची वाळू घेऊन दोहोंवर सारखेच पाणी ओतले आणि खाली उतरलेले पाणी मोजले, तर जलधारणेचा अर्थ व्याख्या पाठ करण्याआधीच स्पष्ट होतो.

या मातीवर संशोधन करणारे कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. 1972 साली स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘परभणी क्रांती’ या भेंडीच्या वाणाची ओळख पिवळ्या शिरांच्या विषाणूजन्य रोगाला प्रतिकार करणारा वाण अशी झाली, तर ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण लोह आणि जस्त यांचे प्रमाण अधिक असल्यामुळे ओळखला जातो. सूक्ष्मजीव, पोषण आणि मूलद्रव्ये हे विज्ञानाच्या पुस्तकातील तीन स्वतंत्र पाठ आहेत. घरातल्या भाजी-भाकरीत ते तिन्ही एकत्र येतात.

भाषा, इतिहास आणि संविधान

सातवीचा इतिहास शिवपूर्वकालीन महाराष्ट्रापासून स्वराज्याच्या स्थापनेपर्यंत आणि पुढे मराठी सत्तेच्या विस्तारापर्यंत जातो. त्यातील संतपरंपरेचा भाग शिकताना तेराव्या-चौदाव्या शतकातील संत जनाबाई या जिल्ह्यातल्याच गंगाखेडच्या, हे लक्षात आले म्हणजे इतिहास आणि मराठी हे दोन विषय परस्परांजवळ येतात. घरकाम करणाऱ्या एका स्त्रीने दळण-कांडणाच्या भाषेत अभंग रचावेत आणि ते शतकानुशतके टिकावेत, यातून बोलीचे सामर्थ्य मुलांना उमगते. ज्यांच्या घरी उर्दू किंवा बंजारा बोली बोलली जाते, त्या मुलांसाठी हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण प्रमाण मराठी, हिंदी आणि इंग्रजी शिकत असताना घरची भाषा कमी प्रतीची नाही, हा विश्वास त्यांना मिळायला हवा.

निजामाने 1724 मध्ये दख्खनेत स्वतंत्र सत्ता उभी केल्यावर पालखेड (1728), उदगीर (1760) आणि खर्डा (1795) येथे मराठ्यांनी त्याच्यावर विजय मिळवले, तरी परभणीचा प्रदेश हैदराबाद संस्थानातच राहिला आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाला. त्यानंतर सुमारे सोळा महिन्यांनी, 26 जानेवारी 1950 रोजी, संविधान अमलात आले आणि काल-परवापर्यंत संस्थानची प्रजा असलेल्या येथील माणसांना मूलभूत हक्क मिळाले. सातवीच्या नागरिकशास्त्रात संविधानाची उद्देशिका, मूलभूत हक्क आणि कर्तव्ये हेच विषय असल्याने इतिहासाचे पुस्तक जेथे थांबते, तेथून नागरिकशास्त्र परभणीची गोष्ट पुढे नेते.

दुसरे सत्र

शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तासांचे अध्यापन आवश्यक मानले आहे. वर्षभरातील छोटी कामे, प्रयोग आणि तोंडी उत्तरे यांवरून होणारे आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारे संकलित मूल्यमापन या दोहोंवरून विद्यार्थ्याची प्रगती पाहिली जाते. ही सारी रचना मूल दोन्ही सत्रे वर्गात आहे, हे गृहीत धरून केलेली आहे. परभणीच्या काही भागांतून, विशेषतः दक्षिणेकडील गावांतून, ऊसतोड मजुरांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांचे जवळजवळ संपूर्ण दुसरे सत्र बुडते.

त्या सत्रात काय असते, हे पाहिले म्हणजे या हानीची खोली कळते. गणिताच्या पुस्तकाच्या दुसऱ्या विभागात व्यस्तप्रमाण आहे: बारा मजूर पाच दिवसांत जेवढा कापूस वेचतात, तेवढाच पंधरा मजूर चार दिवसांत वेचतात, कारण दोन्ही वेळा एकूण काम साठ मजूर-दिवसांचेच असते. त्यापुढे ‘बँक व सरळव्याज’ हा पाठ येतो. मुद्दल, दर आणि मुदत यांचा गुणाकार करून त्याला शंभराने भागावे, म्हणजे दहा हजार रुपयांवर दरसाल दर शेकडा सात या दराने दोन वर्षांचे व्याज चौदाशे रुपये येते, एवढे हे साधे गणित आहे. ऊसतोडीला निघणारी नवरा-बायकोची जोडी, जिला ‘कोयता’ म्हणतात, ती मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, ऊस तोडून फेडत असते. मजुरी आणि कर्ज यांचा हिशेब ज्या मुलाला सर्वांत आधी कळायला हवा, तेच मूल त्या हिशेबापायी हा पाठ चुकवते.

सातवीतील पाठ उतरंडीसारखे एकावर एक रचलेले असतात. परिमेय संख्यांवाचून बैजिक राशी कळत नाहीत आणि हक्क समजल्याखेरीज कर्तव्याचा अर्थ लागत नाही. म्हणून स्थलांतरित पालकांच्या मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे दिवाळीआधी सुरू होणे, ती नीट चालणे आणि परत आलेल्या मुलाला बुडालेला भाग शिक्षकांनी पुन्हा शिकवणे ही दयेची कामे नव्हेत. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क संविधानाच्या 21-अ या अनुच्छेदात लिहिलेला आहे, आणि ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती व जिल्हा परिषद यांनी तो एप्रिलच्या शेवटच्या तासापर्यंत पाळला, तरच सातवीचे वर्ष प्रत्येक मुलाला पूर्ण मिळाले असे म्हणता येईल.