काचेपेक्षा थर बोलका

1877 साली जॉन केर यांनी विद्युतचुंबकाच्या चकचकीत ध्रुवावर ध्रुवित प्रकाश पाडला, तेव्हा परावर्तित किरणाची ध्रुवणदिशा किंचित वळलेली आढळली. लोखंडात हे वळण फार तर अर्ध्या अंशाच्या आसपास. चुंबकत्व मोजायला एवढ्याशा कोनावर भिस्त कशाला, असं कुणीही विचारेल. पण पातळ चुंबकीय थरांच्या बाबतीत खरी डोकेदुखी थर नसून खालची काच असते. 20 नॅनोमीटरचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या काचेवर बसतो, म्हणजे आधार पंचवीस हजारपट जाड! अख्ख्या नमुन्याचं चुंबकत्व मोजायला गेलं की काचेचा क्षीण वाटाही त्यात मिसळतो. प्रकाश मात्र धातूत जेमतेम 10-20 नॅनोमीटर शिरतो, म्हणून तो मुख्यतः थराबद्दलच सांगतो. 1985 मध्ये मूग आणि बेडर यांनी सोन्यावरच्या मोजक्या अणुथरांच्या लोखंडाचा हिस्टेरिसिस वक्रही याच पद्धतीने टिपला.

आक्षेप असा, की कोनावरून चुंबकत्वाचं थेट मूल्य कळत नाही आणि तरंगलांबी बदलली की कोनही बदलतो. पहिला मुद्दा मान्यच. त्यासाठी दुसरं उपकरण लागतं. दुसरा मात्र दोष नव्हे, वर्णपटमापनाचं भांडवल आहे. कोबाल्ट-प्लॅटिनमच्या बहुथरांत वळण अतिनील टोकाकडे वाढतं, आणि त्यात प्लॅटिनमच्या इलेक्ट्रॉनांचाही हात दिसतो.