दारावरचं तोरण : सजावट म्हणजे वरचा खर्च की घराचा भाग?

मागच्या व्याख्यानात आपण 'उपयुक्त' आणि 'सुंदर' या दोन कल्पनांचा विचार केला. आज त्यासाठी एक अगदी घरगुती वस्तू घेऊ या : दारा-खिडक्यांवरचं भरतकाम. आमच्या लहानपणी माजघराच्या दारात मॅटीच्या कापडाचा पडदा असे आणि त्यावर आईनं रंगीत दोऱ्यानं 'सुस्वागतम्' भरलेलं असे. आता बघा, पडदा काहीतरी काम करतो. नजर अडवतो, ऊन अडवतो, धूळ अडवतो. पण त्यावरचं 'सुस्वागतम्' नेमकं काय करतं? पडदा त्याच्याशिवायही पडदाच राहिला असता.

हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो तो सौराष्ट्र आणि कच्छमध्ये. तिथलं भरलेलं तोरण तुम्ही पाहिलं असेल. दाराच्या रुंदीची एक आडवी पट्टी, आणि तिच्या खालच्या कडेला ओळीनं लोंबणारी, खाली निमुळती होत गेलेली कापडी पानं. ही पानं म्हणजे आंब्याच्या डहाळीची आठवण. आपण दसऱ्याला, पाडव्याला आंब्याची पानं बांधतो, ती दोन दिवसांत सुकतात. तिथल्या बायकांनी ती कापडावर, दोऱ्यानं कायमची केली. दाराच्या दोन्ही अंगांना काटकोनात उतरणारे दोन तुकडे असतात, त्यांना साखिया म्हणतात. भिंतीवर चौकोनी चाकळा, आणि भिंतीच्या वरच्या कडेनं लांबलचक पछीतपाटी. चाकळ्यात आधी नवरीचं सामान बांधून आणायचं, मग तोच भिंतीवर टांगायचा.

यात एक गंमत लक्षात घ्या. तोरण काहीच अडवत नाही. त्याखालून माणूस जातो, वारा जातो, नजरही जाते. मग ते तिथे कशासाठी?

आधी ते बनतं कसं ते पाहू. आरसा, तिकडे त्याला आभला म्हणतात, कापडावर चिकटवत नाहीत आणि त्याला भोकही पाडत नाहीत. काचेवरून आडवे-उभे दोरे ताणून आधी एक चौकट करतात. मग त्या चौकटीत सुई अडकवून कडेनं काजासारखा किंवा साखळीसारखा टाका घालत गेलं की दोरे बाजूला ओढले जातात, मध्ये गोल उघडा राहतो आणि काच पक्की बसते. रेशमी भरतकामाची युक्ती वेगळी. न पिळलेल्या रेशमाचे लांब टाके एका भागात आडवे, शेजारच्या भागात उभे घालतात. रंग एकच, पण उजेड पडला की दोन वेगळ्या छटा दिसतात. आता ही घरं डोळ्यांसमोर आणा : मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या, उजेड मुख्यतः दारातून. तो उजेड समोरच्या चाकळ्यावरच्या आरशांवर पडतो आणि खोलीत विखुरतो. म्हणजे ज्याला आपण सहज 'शोभेचं' म्हणतो, ते उजेडाशी संबंधित काम करत असतं.

तरी माझा मुद्दा 'शोभासुद्धा उपयोगीच असते' एवढाच नाही. कांटनं 1790च्या ग्रंथात चित्राची चौकट, पुतळ्यावरचं वस्त्र, वाड्याभोवतीचे खांब ही उदाहरणं घेतली. या गोष्टी मूळ वस्तूच्या बाहेरच्या, असं तो म्हणतो. त्यांचा आकार सुंदर असेल तर त्या आपला आनंद वाढवतात, पण सोनेरी चौकट नुसती लक्ष वेधण्यासाठी लावली तर ती सौंदर्याला बाधकच. आपल्याकडचा शब्द मात्र वेगळ्या वाटेनं जातो. अलंकार : 'अलम्' म्हणजे पुरेसं, 'कार' म्हणजे करणं. आनंद कुमारस्वामींनी 1939च्या एका निबंधात याच अर्थाकडे लक्ष वेधलं होतं. अलंकार म्हणजे वस्तू पुरी करणं. या दृष्टीनं, दार हे केवळ भिंतीतलं भोक नसतं, तो उंबरठा असतो. आतलं आणि बाहेरचं इथे वेगळं होतं, इथे थांबायचं, इथून कुणीतरी नवीन माणूस घरात येणार, हे सगळं तोरण सांगतं. ते काढलं तर भोक राहील, दार अपुरं होईल.

इथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण हे भरलं कुणी? मुलीनं, स्वतःच्या लग्नासाठी, कित्येक वर्षं. कच्छमधल्या ढेबरिया रबारी समाजात लग्न लागलं तरी हे भरतकाम पुरं होईपर्यंत मुलगी सासरी जात नसे. अपेक्षा वाढत गेल्या, वर्षं लांबत गेली. शेवटी 1995 साली समाजाच्या वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करण्यावर बंदी घातली. विकण्यासाठी भरायला मोकळीक राहिली. म्हणजे परक्याच्या दारासाठी मजुरीवर भरायचं, स्वतःच्या दारासाठी नाही! पण बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी बाजारातल्या तयार लेसा, फिती, जरीच्या पट्ट्या आणल्या आणि त्या जोडून नवी नक्षी उभी केली.

हे मला फार विचार करायला लावतं. वडीलधाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, कारण सौंदर्याच्या नावाखाली मुलींची वर्षं खर्ची पडत होती. पण बंदी ठरवतानाही त्या वर्षांचा हिशेब बायकांनी मांडला नव्हता. त्यांचं उत्तर मात्र त्या फितींत आहे : ओझं नको, पण आमचं दार अपुरंही ठेवणार नाही.

तेव्हा 'सजावट गरजेची की चैनीची?' हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. पुढचा अर्धा असा : ती कुणाच्या वेळातून होते आणि तो वेळ देणं-न देणं कुणाच्या हातात आहे? आईला तो पडदा भरताना हौस होती की दुपार घालवायची होती की चार लोक काय म्हणतील याची धास्ती होती, हे मी कधी विचारलंच नाही. तुमच्या घरात विचारता येण्यासारखं कुणी असेल, तर आज जरूर विचारा.