विश्लेषण : ऑफ-रोडिंगसाठी टायर रुंद हवा की अरुंद? ‘जितका रुंद तितका चांगला’ हे गणित कुठे चुकते?

फोर बाय फोर गाडी किंवा पिकअप ट्रक घेतल्यानंतर हौशी मालक पहिला बदल करतात तो टायरमध्ये. कंपनीने दिलेले टायर काढून चाकाच्या कमानीबाहेर डोकावणारे रुंद टायर बसवले की गाडी रुबाबदार दिसते आणि ‘आता कुठेही जाईल’ असा विश्वासही वाटतो. स्टेपनीसह पाच टायर आणि नव्या रिम घेतल्या, तर हा खर्च सहज लाखाच्या पुढे जातो. मात्र चिखलात, वाळूत आणि पावसाळी महामार्गावर हा बदल प्रत्येक वेळी फायद्याचा ठरतोच असे नाही. काही ठिकाणी तो गाडी रुतवतो, तर काही ठिकाणी जिवावरही बेतू शकतो.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

मारुती सुझुकी जिम्नीच्या टायरवर १९५/८० आर १५ असा आकार असतो, तर महिंद्र थारच्या वरच्या श्रेणीतील गाड्यांवर २५५/६५ आर १८. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा म्हणजे साइडवॉलची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत. यावरून टायरची एकूण उंची काढता येते. जिम्नीचा टायर सुमारे ६९३ मिलिमीटर उंच भरतो, थारचा सुमारे ७८९.

रुंद-अरुंदची तुलना करताना उंची सारखी असलेले टायर घ्यायला हवेत. २३५/८५ आर १६ आणि २६५/७५ आर १६ ही त्यातली नेहमीची जोडी. पहिल्याची उंची सुमारे ८०६ मिलिमीटर, दुसऱ्याची ८०४. रिम एकच, उंची जवळपास तितकीच, फरक फक्त ३० मिलिमीटर रुंदीचा. परदेशात पिकअप ट्रकच्या मालकांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालतो तो नेमका अशा जोड्यांवरून.

रुंद टायर जास्त जमिनीवर टेकतो का?

सर्वसाधारण समज ‘हो’ असा आहे, पण तो अर्धवट आहे. गाडीचे वजन मुख्यतः टायरमधली हवा पेलते. त्यामुळे टायर जमिनीवर किती क्षेत्रफळात टेकेल, हे मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. ढोबळ हिशेब असा : दोन टनांच्या गाडीत एका चाकावर ५०० किलो भार येतो. हवा ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण २.१ किलो. भाराला दाबाने भागले, की टायरचा जमिनीवरचा ठसा सुमारे २४० चौरस सेंटीमीटर येतो.

हा ठसा दोन्ही टायरचा जवळपास सारखाच असतो. बदलतो तो आकार. २० सेंटीमीटर रुंद टायरचा ठसा १२ सेंटीमीटर लांब होतो, २५ सेंटीमीटर रुंद टायरचा जेमतेम साडेनऊ. हवा १५ पीएसआयवर आणली, की क्षेत्रफळ दुप्पट होते आणि लांबी अनुक्रमे २४ व १९ सेंटीमीटरवर जाते. साइडवॉलच्या कडकपणामुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे बदलतात, पण दिशा हीच राहते. म्हणजे रुंदीपेक्षा हवेचा दाब ठशात कितीतरी मोठा फरक पाडतो, आणि तो बदलायला पैसे लागत नाहीत.

मग रुंदीचा फायदा काय? रुंद टायरमध्ये हवेला जागा जास्त असते. त्यामुळे तेच वजन तो कमी दाबावर पेलू शकतो आणि तरीही रिम जमिनीला टेकत नाही. रुंदीचा खरा उपयोग इथे आहे. पण रुंद टायर लावून हवा कमी केली नाही, तर हा फायदा पदरात पडत नाही.

अरुंद टायर कुठे सरस ठरतो?

वर मऊ थर आणि खाली टणक जमीन असेल, तिथे. अरुंद टायर वरचा चिखल किंवा सुटी खडी कापत खाली जातो आणि टणक थरावर पकड घेतो. रुंद टायर मात्र त्याच चिखलावर तरंगतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. बर्फावर होणाऱ्या स्वीडनच्या जागतिक रॅलीत गाड्यांना अरुंद, खिळे बसवलेले टायर लावतात ते याच कारणासाठी. वरचा भुसभुशीत बर्फ कापून खालच्या कडक बर्फात खिळे रुतवायचे असतात.

दुसरे कारण अडथळ्याचे. मऊ जमिनीतून जाताना चाक समोरची माती ढकलत, दाबत जाते. चाक जितके रुंद, तितकी जास्त माती ढकलावी लागते आणि इंजिनाची ताकद त्यात खर्च होते. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते एम. जी. बेकर यांनी १९५६ मधील ग्रंथात जमीन आणि चाकाच्या या नात्याला गणिती रूप दिले. क्षेत्रफळ तेवढेच असेल, तर आडव्या ठशापेक्षा लांबट ठसा मऊ जमिनीत कमी अडतो, हा त्यातून निघणारा निष्कर्ष. पुढे चंद्रावर गेलेल्या रोव्हरच्या जडणघडणीतही बेकर यांचा वाटा होता.

म्हणूनच ठसा वाढवायचा तर टायर रुंद करण्यापेक्षा उंच करणे अनेकदा अधिक लाभदायक ठरते. आपल्याकडच्या जुन्या बैलगाडीचे चाक आठवावे. लोखंडी धाव अरुंद, पण चाक उंच. पावसाळ्यातल्या चिखलाच्या गाडीवाटांवर ते चालत आले. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीप आणि नंतरच्या जुन्या लँड रोव्हर यांचे टायरही आजच्या मानाने अरुंदच होते.

मग रुंद टायर कुठे हवाच?

जिथे खाली टणक थर सापडणारच नाही, तिथे. खोल वाळू, दलदल आणि काही मीटर साचलेला बर्फ यांत कापत खाली जाणे म्हणजे गाडी पोटावर बसवणे. तिथे तरंगत राहणे हाच मार्ग. आइसलँडमध्ये हिमनद्यांवरून जाणाऱ्या गाड्यांना ३८ इंच किंवा त्याहून उंच आणि चांगलेच रुंद टायर लावतात आणि त्यांतील हवा पाच पीएसआयच्याही खाली आणतात.

वाळूचा धडा मात्र रुंदीइतकाच हवेचा आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत फोर्डच्या साध्या गाड्या लिबियाच्या वाळवंटात फिरवल्या. टायरमधली हवा कमी करणे हे त्यांच्या तंत्रातले एक मुख्य सूत्र होते. १९४० मध्ये त्यांनी इजिप्तमध्ये उभ्या केलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या तुकडीला हाच अनुभव उपयोगी पडला. त्याच महायुद्धात अमेरिकेने बनवलेल्या ‘डीयूकेडब्ल्यू’ या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येत असे. समुद्रातून वाळूवर येताना हवा कमी, पुढे रस्ता लागला की जास्त. आजच्या अनेक लष्करी ट्रकमध्ये हीच व्यवस्था असते.

महाराष्ट्रातील जमिनीवर काय चालेल?

सह्याद्रीतल्या घाटवाटा आणि कोकणातल्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांवर पावसाळ्यात वर चिखलाचा थर आणि खाली कातळ किंवा मुरूम असतो. इथे अरुंद किंवा मध्यम रुंदीचा, पण उंच टायर चांगले काम देतो. शिवाय चाकोरी खोल असेल, तर तो तिच्यात नीट बसतो. रुंद टायर चाकोरीच्या कडांवर घासतो आणि धारदार दगड त्याच्या बाजूला लागण्याची शक्यता वाढते.

विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती हे वेगळे प्रकरण आहे. ती पावसात फुगते, टायरला चिकटते आणि ट्रेडमधल्या फटी बुजवून टायरचा गुळगुळीत गोळा करते. इथे रुंदीपेक्षा ट्रेडची रचना महत्त्वाची. मोठ्या गठ्ठ्यांच्या आणि मोकळ्या फटींच्या ‘मड टेरेन’ टायरमधून माती झटकली जाते. अर्थात, भिजलेल्या खोल काळ्या शेतात कोणताच टायर हमी देत नाही.

किनाऱ्यावरील सुक्या वाळूत रुंद टायर आणि कमी हवा उपयोगी पडते. पण गोव्यासह कोकणात अनेक किनाऱ्यांवर वाहने नेण्यास मनाई आहे. भरतीच्या वेळी वाळूत अडकलेली गाडी बाहेर काढणे किती अवघड असते, हे अशा घटनांच्या बातम्यांतून वारंवार दिसते.

पक्क्या रस्त्यावर कोणता धोका?

हौशी मालकाची गाडीही बहुतांश वेळ डांबरी रस्त्यावरच धावते. कोरड्या रस्त्यावर रुंद टायरची पकड सहसा चांगली असते. मात्र साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. ते जमले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी झाल्यासारखे होतात. ट्रेड झिजलेला असेल, तर हे आणखी कमी वेगाला घडते. जड टायरमुळे इंधन जास्त लागते, ब्रेकवर ताण येतो आणि पूर्ण वळणावर टायर कमानीला घासू शकतो. उंची पाच टक्क्यांनी वाढली, तर वेगदर्शक काट्याच्या आकड्यापेक्षा गाडी तेवढीच जास्त वेगाने धावत असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हे स्पष्ट केले. कमानीबाहेर येणारे टायर त्यामुळे दंडाचे कारण ठरू शकतात आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात प्रश्न उपस्थित होऊ शकतात. त्याच मॉडेलच्या एखाद्या श्रेणीला कंपनीने दिलेला टायरचा आकार निवडणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

निवड करताना काय पाहावे?

पहिला प्रश्न, गाडी वर्षातून किती दिवस आणि कुठल्या जमिनीवर जाणार? डोंगर, चिखल, खडी असेल, तर कंपनीच्याच रुंदीचा चांगला ‘ऑल टेरेन’ टायर बहुतेकांना पुरतो. वाळूत वारंवार जाणे असेल, तरच रुंदी वाढवण्याचा विचार करावा. दुसरा प्रश्न भाराचा. टायरवर लिहिलेली भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये, विशेषतः माल वाहणाऱ्या पिकअपसाठी.

टायर बदलण्याआधी दाब मोजण्याचा गेज आणि बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर घेणे शहाणपणाचे. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय हवा असलेली गाडी कच्च्या वाटेवर २५ च्या आसपास आणि वाळूत १५ ते १८ पर्यंत आणता येते. साध्या रिमवर त्याखाली गेल्यास वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. कमी हवेवर वेग कमीच ठेवायचा आणि पक्का रस्ता लागताच हवा पूर्ववत भरायची. कमी हवेचा टायर महामार्गावर वेगात तापून फुटू शकतो, मग तो रुंद असो वा अरुंद.