विमानाच्या खिडकीतलं भोक

आमच्या गटातल्या एक काकू लेकीच्या बाळंतपणाला पहिल्यांदाच विमानाने जाऊन आल्या. म्हणाल्या, "अगं, खिडकीला खाली बारीक भोक होतं! लोक हसतील म्हणून कुणाला विचारलं नाही. सगळी वाट जीव मुठीत धरून बसले." उद्या तुमच्यापैकीही कुणी जाईल, म्हणून आज त्या भोकाची गोष्ट.

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचावरून जातं. तिथली हवा फार विरळ, माणूस मिनिटभरात बेशुद्ध होईल. म्हणून विमानात हवा दाबून भरलेली असते. ती बाहेर पडायला बघते. एकेका खिडकीवर आतून साधारण पाच क्विंटलचा रेटा असतो, म्हणजे धान्याची पाच मोठी पोती!

आता चौकोनी गळ्याचा ब्लाउज आठवा. फाटतो कुठे? कोपऱ्यात. सगळा ताण तिथेच गोळा होतो. इंग्लंडचं कॉमेट हे प्रवाशांना नेणारं पहिलं जेट विमान, १९५२ साली सुरू झालं. त्याच्या खिडक्या चौकोनी वळणाच्या. १९५४ साली जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसरं, अशी दोन कॉमेट इटलीजवळ समुद्रावर हवेतच फुटली. छप्पन्न माणसं गेली.

मग तज्ज्ञांनी विमानाचा अख्खा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवला. आत पाण्याचा दाब द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा. पाणीच का? हवेने फुटला असता तर तुकडे उडून गेले असते, पाण्यात चीर जागेवर सापडते. तार वाकवून वाकवून तुटते, तसा पत्रा शेवटी एका झरोक्याच्या कोपऱ्यात फाटला. आताच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात ते शोभेसाठी नाही.

खिडकीला तीन पदर असतात आणि ते बहुतेक काचेचे नसून जाड पारदर्शक प्लास्टिकचे असतात. बाहेरचा पदर सगळा रेटा सोसतो. मधला राखीव, बाहेरच्याला तडा गेला तर तो सांभाळून घेतो. आपला हात लागतो तो तिसरा, नुसता ओरखडे पडू नयेत म्हणून. भोक असतं मधल्या पदराला. त्यातून आतली हवा दोन पदरांच्या फटीत जाते, म्हणून मधल्यावर भार येत नाही, तो ताजातवाना राहतो. फटीतला दमटपणाही कमी होतो, नाहीतर खिडकी धुरकट झाली असती.

काकूंना हे सांगितलं. म्हणाल्या, "मग भोकाभोवती पांढरं फूल उमटलं होतं ते?" ते दंव, काकू. बाहेर उणे पन्नास अंश थंडी असते.