जंतूंना आसरा क्रीमच्याच डबीत

क्रीममध्ये जिवंत जंतू किती आहेत हे मोजण्यापूर्वी प्रयोगशाळेत नमुन्यात अनेकदा पॉलिसॉर्बेट ८० आणि लेसिथिन मिसळतात. त्यामुळे क्रीममधल्या परिरक्षकाचा, म्हणजे जंतूंना रोखणाऱ्या द्रव्याचा, प्रभाव ओसरतो आणि उरलेले जंतू वाढून मोजता येतात. हीच दोन द्रव्ये कित्येक क्रीम-लोशनांमध्ये तेल आणि पाणी एकजीव ठेवण्यासाठी मुळातच घातलेली असतात!

जंतू वाढतात ते पाण्यात. त्यामुळे परिरक्षक तिथे मोकळा असेल तरच कामाचा. पॉलिसॉर्बेटचे रेणू पाण्यात एकत्र येऊन सूक्ष्म गोळे बनवतात आणि पॅराबेन गटातले परिरक्षक त्यांत अडकून पडतात. प्रोपिलपॅराबेनचा ओढा तेलाकडे असतो, म्हणून तेलकट क्रीममध्ये त्याचा मोठा वाटा जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. केओलिनसारखी माती परिरक्षकाला आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवते.

आम्लतेचा प्रश्न याहून नाजूक आहे. सोडियम बेंझोएट या परिरक्षकापासून तयार होणारे बेंझोइक आम्ल अखंड रेणूच्या रूपातच जंतूंच्या पेशीत सहज शिरते. पीएच ४.२ असताना निम्मे आम्ल या रूपात असते, ५.२ ला जेमतेम ९ टक्के, तर ६.२ ला सुमारे १ टक्का. डबीवरचे नाव तेच आणि मात्राही तीच, पण संरक्षण जवळजवळ शून्य.

मग मात्रा वाढवावी का? त्यालाही मर्यादा आहे. युरोपीय संघात फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक १ टक्क्यापेक्षा जास्त वापरता येत नाही.

काही घटक मात्र परिरक्षकाला हात देतात. स्यूडोमोनास या चिवट जीवाणूचे बाह्य आवरण कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे घट्ट राहते. ईडीटीए हे द्रव्य त्यांचे आयन ओढून घेते, आवरण सैल पडते आणि परिरक्षक आत शिरतो. भरपूर ग्लिसरीन असेल तर जंतूंना वापरता येणारे पाणीच कमी होते.

म्हणूनच परीक्षा एकट्या परिरक्षकाची न घेता तयार क्रीमची घेतली जाते. आयएसओ ११९३० या मानकानुसार क्रीममध्ये मुद्दाम जीवाणू आणि बुरशी सोडून २८ दिवस त्यांची संख्या तपासतात.

घरगुती क्रीम विकणाऱ्यांनी कोरफडीचा गर, मुलतानी माती किंवा नवे तेल घालताना हे ध्यानात घ्यावे: एक घटक बदलला, तरी जुन्या चाचणीवर विसंबू नये, ती नव्याने करून घ्यावी.