हाली रुपयाचं मोल

परवा सकाळी आमच्या अंबडच्या बचत गटातल्या एक ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराच्या गाठीत चांदीचे चार रुपये. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "वहिनी, कुणाला सांगू नका, पण माझी फसगत झाली हो."

झालं असं की, घर आवरताना सासूबाईंच्या डब्यात त्यांना निजामाच्या काळातले हाली रुपये सापडले, चारमिनारचं चित्र असलेले. मुलाने मोबाईलवर जाहिरात पाहिली, 'जुनं नाणं द्या, लाखो मिळवा'. फोटो पाठवला आणि लगेच फोन! एका नाण्याचे दोन लाख ठरले. आधी नोंदणीचे अडीच हजार मागितले, मग टॅक्सचे सहा हजार. पैसे भरले आणि फोन बंद. लेकीच्या फीसाठी गटाकडून उचललेले पैसे होते ते.

मैत्रिणींनो, खरा गिऱ्हाईक आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून घेत नाही. रिझर्व्ह बँकेनेही 4 ऑगस्ट 2021 ला जाहीर केलंय की, जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि ती त्यासाठी कुठलीही फी घेत नाही. आम्ही आधी 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, मग नाणी घेऊन सराफाकडे गेलो.

त्याने एकेक नाणं तोललं. अकरा ग्रॅमच्या आसपास भरलं. शुद्ध चांदी त्यात साधारण 82 टक्के. 1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे असे रुपये घरोघरी निघतात. मग लाखाचा भाव कुठून येणार? मोठी किंमत दुर्मिळ वस्तूला येते. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांची कार्डं पोरं जमवतात. मिकी मँटल या खेळाडूचं 1952 सालचं एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलर्सना विकलं गेलं. कारण पोरांच्या हाताळण्यातून इतकं कोरं राहिलेलं कार्ड विरळाच!

आणि हो, जुनी नाणी चिंच-मिठाने घासू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात.

पण सगळंच काही तराजूत बसत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या दिवे, अडकित्ते, भांडी अशा वस्तूंच्या संग्रहालयाला त्याचंच नाव दिलं आणि 1975 साली सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला. त्याचा भाव कोण करणार?

घरी आल्यावर ताईंनी भीतभीतच सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता बोलणी बसणार. पण म्हातारी शांतपणे म्हणाली, "माझ्या आईनं कापूस वेचून साठवलेले रुपये हायेत ते. अडीनडीला म्हणूनच लग्नात दिले होते. तीन मोड, पोरीची फी भर. एक ठेव. तिला नोकरी लागली की तिच्या हातावर ठेवू."

मला वाटतं, हिशेब असाच असावा. गरजेला मोडायला लाजू नये आणि एखादी वस्तू तरी आठवणीसाठी राखावी. तुमच्याही डब्यात असं काही असेल. ते कुणी, कशातून जमवलं, हे आजच सासूबाईंना, आईला विचारा आणि चिठ्ठीवर लिहून त्याच डब्यात ठेवा. नाणं सराफ तोलेल, पण त्यामागची वेचणी त्याला दिसणार नाही.