आधी मोजणी, मग पाया

घर बांधण्यापूर्वी शहाणा मनुष्य जमिनीची मोजणी करून घेतो. सातबारावरचे क्षेत्र आणि बांधावरचे क्षेत्र यांत फरक निघाला, तर भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत जायची! संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे हेही घर बांधणेच. तिची जमीन म्हणजे हार्ड डिस्क. मी वाङ्मयाचा विद्यार्थी असूनही या विषयावर लिहीत आहे, कारण आपल्या प्रबंधांची टिपणे आणि खेडोपाडी ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या आज याच जमिनीवर साठवलेल्या असतात. पुष्कळदा त्यांची दुसरी प्रतही नसते.

हार्ड डिस्कमध्ये एका आसाभोवती चकत्या फिरतात. चकतीच्या प्रत्येक पृष्ठभागासाठी वाचणारे-लिहिणारे एक हेड असते. चकतीवर एककेंद्री वर्तुळे कल्पिलेली असतात. एकाखाली एक येणाऱ्या वर्तुळांचा मिळून सिलिंडर होतो. वर्तुळाचा लहान तुकडा म्हणजे सेक्टर. त्यात ५१२ बाइट मावत. सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे म्हणजेच डिस्कची भूमिती.

१९९० नंतरच्या काही वर्षांत या भूमितीने मोठा घोळ घातला. संगणक सुरू करणारा बायोस १०२४ सिलिंडर व ६३ सेक्टरपर्यंतच मोजू शके, तर डिस्कच्या जोडणीचा नियम १६ हेडपुरताच होता. गुणाकार करून पाहा : ५२,८४,८२,३०४ बाइट. त्यापलीकडची जागा असूनही दिसेना. तेव्हा युक्ती निघाली. २००० सिलिंडर व १६ हेड असतील, तर बायोसने १००० सिलिंडर व ३२ हेड सांगायचे. क्षेत्रफळ तेच, पत्ते मात्र बदलले! अशी डिस्क निराळा हिशेब करणाऱ्या दुसऱ्या संगणकात बसवली, की विभागांच्या हद्दी भलतीकडे दिसत. नवी सिस्टीम जुन्या लेखनावर पाया घालण्याचा धोका असे.

आज सेक्टरना शून्यापासून सरळ अनुक्रमांक असतात. मग मोजणीची गरज संपली का? नाही. पुष्कळ डिस्कांचा खरा सेक्टर आता ४०९६ बाइटचा असतो, पण त्या तो ५१२ चा म्हणून सांगतात. जुन्या रीतीने ६३ व्या सेक्टरपासून विभाग आखला, तर नोंदी दोन खऱ्या सेक्टरांच्या हद्दीवर पडतात आणि लिहिण्याचे काम मंदावते. म्हणून आरंभ ८ ने भाग जाणाऱ्या क्रमांकावर, बहुधा २०४८ वर, ठेवतात. शिवाय ५१२ च्या हिशेबाने जुन्या पद्धतीच्या विभाग-तक्त्याची धाव सुमारे २.२ टेराबाइटपर्यंतच आहे. मोठ्या डिस्कला जीपीटी हा नवा तक्ता लागतो.

लिनक्समध्ये एफडिस्क हा प्रोग्राम नुसती यादी दाखवण्याच्या आज्ञेने चालवावा. एकूण सेक्टर, सेक्टरचे दोन्ही आकार, तक्त्याचा प्रकार आणि प्रत्येक विभागाचा आरंभ व शेवट ही माहिती समोर येते. ती वहीत उतरवावी, जपायच्या सामग्रीची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि मगच पुढे जावे. या मोजणीने काहीही पुसले जात नाही. मोजणीवाचून टाकलेल्या पायाबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही.